देवराम मिस्त्रीचं गॅरेज

घर तीन खोल्यांचं आणि गॅरेज त्याच्या दीडपट, असा बेत करणारा माणूस माझा नवरा आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचं घर मखमलाबाद रोडला. सासऱ्यांचा झेंडूचा मळा होता तिथे आता कॉलनी झाली आहे. मळ्यातला उरलेला एक तुकडा तेवढा घराच्या पश्चिमेला रिकामा पडला होता. समाधानचे दोन टेम्पो. हंगामात पिंपळगावहून द्राक्षांच्या पेट्या भरायच्या आणि मुंबई गाठायची, एरवी मिळेल ते भाडं. दोन्ही टेम्पो गल्लीत उभे राहायचे म्हणून गल्लीतले लोक भांडायचे. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात एका टेम्पोची चाकंच चोरीला गेली. सकाळी बघतो तर टेम्पो विटांवर उभा. तेव्हा समाधान म्हणाला, "दिवाळी झाली की गॅरेज." भाजी कोणती आणायची हेसुद्धा त्याला मला विचारावं लागतं, पण टेम्पोचा विषय निघाला की हा माणूस एकदम मंत्री होतो.

बरं, साधं पत्र्याचं शेड नाही. घराला जोडून, कॉलम उभे करून, वर स्लॅब. आत टेम्पोखाली उतरून काम करायला खड्डा. आणि घरातून थेट गॅरेजात जायला स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत फोडून दार. शेजारच्या लताबाई म्हणाल्या, "सुवर्णा, आता पाहुणे आले की त्यांना टेम्पोतच झोपवत जा. तिथे जागा जास्त." मीही हसले होते तेव्हा.

दिवाळीनंतर कुदळ पडली. देवराम मिस्त्री आणि त्याची माणसं आली, पाया खणला, कॉलमचं लोखंड उभं राहिलं आणि स्वयंपाकघराची भिंत फुटली. त्या जागी एक मोठं भगदाड आणि त्यावर ताडपत्री. भाकरी थापताना पाठीवर वारा यायचा. आणि त्याच आठवड्यात मला कळलं की मला दिवस गेलेत.

आमच्या सासरी एक नियम आहे. घरात पोटुशी बाई असेल तर कुदळ लावायची नाही, भिंत फोडायची नाही, खिळासुद्धा ठोकायचा नाही. चालू काम असेल तर थांबवायचं आणि बाळंतपण झाल्यावर पुढे न्यायचं. माझ्या सासूबाई, नवसाबाई, या नियमाच्या पक्क्या. सासूला आमच्यात आत्या म्हणतात. एकदा गल्लीच्या टोकाच्या घरात सून पोटुशी असताना न्हाणीघर बांधायला घेतलं, तर आत्या पंचवटीच्या बाजारातून भाजीची टोपली डोक्यावर घेऊन येता येता तिथे थांबल्या आणि लोकांचं काम बंद पाडून मगच घरी आल्या. ना नात्याची, ना गोत्याची!

मी ओझरची. माझे वडील विमानांच्या कारखान्यात आहेत. आमच्या घरी असलं काही नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा मी या नियमाला मनातल्या मनात हसले होते. मग पहिल्यांदा दिवस गेले. कोणाला सांगायच्या आधीच अंगणात बोअर मारायची गाडी येऊन उभी राहिली होती. दिवसभर घर थरथरत होतं, फडताळातली भांडी वाजत होती. पुढच्या आठवड्यात सगळं संपलं. आत्या म्हणाल्या, "बोअर नडला." दुसऱ्या वेळी घरात काहीच काम चालू नव्हतं. तरीही गेलं. मग शोधाशोध झाली आणि निघालं की समाधानने कॅलेंडरसाठी खिळा ठोकला होता. तो बिचारा तेव्हापासून कॅलेंडर गादीखाली ठेवतो आणि तारीख बघायची असली की गादी उचलतो.

माझा या सगळ्यावर विश्वास नाही. पण घाबरायला विश्वास कुठे लागतो? ओझरला आईकडे जाऊन मी डॉक्टरांना दाखवून आले. आईला शपथ घातली आणि परत आले ती तोंड शिवूनच. सांगितलं असतं तर काम थांबलं असतं. भगदाड पडलेलं घर, उघडे कॉलम, गल्लीत टेम्पो, आणि जानेवारीत हंगाम डोक्यावर. तेही चाललं असतं. पण एवढं सगळं थांबवून पुन्हा तसंच झालं असतं तर? सगळ्यांनी माझ्याकडे कसं बघितलं असतं? मागच्या दोन्ही वेळेला बायका भेटायला आल्या होत्या. डोळे पुसायच्या आणि घरात कुठे खिळा दिसतो का बघायच्या. ते पुन्हा नको होतं मला. आणि न सांगावं, तर पलीकडे रोज हातोडा पडत होता. इकडे आड, तिकडे विहीर.

रोज सकाळी समाधान चहा करायचा आणि त्या वासानेच मला मळमळायचं. मी कप घेऊन मागच्या दारी जायची आणि चहा कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतून यायची. मला वाटायचं, काय पण मी हुशार! मग घण सुरू व्हायचा. जुन्या भिंतीला कॉलम जोडायला ते खाचा पाडत होते. प्रत्येक घावाला माझा हात आपोआप पोटावर जायचा आणि मी तो पुन्हा खाली घ्यायची, कोणी बघेल म्हणून. दिवसातून किती वेळा मी न्हाणीत जाऊन परकर तपासायची, ते माझं मलाच माहीत. डाग नाही दिसला की देवाचे आभार मानायचे आणि लगेच पुढच्या वेळेची धास्ती.

त्यातच आत्या माझ्याशी विचित्र वागायला लागल्या. ताडपत्री बाजूला करून मी बाहेर पाय टाकला की ओरडायच्या, "तू नको येऊ इकडं!" मिस्त्रीच्या माणसांना चहा द्यायला त्या स्वतः जायच्या. कॉलम भरायच्या दिवशी छोटी पूजा होती, हळदीकुंकू वाहायचं होतं, तर मला म्हणाल्या, "तू लताबाईकडं जाऊन बस. गजरे करायचेत तिला, हातभार लाव." घराची सून मी, आणि माझ्याच घरच्या पूजेला मला शेजारी पाठवलं. का ते मला लगेच कळलं. दोनदा ओटी रिकामी झालेली बाई शुभकार्यात कशाला, हेच ना! मी लताबाईंकडे शेवंती ओवत बसले आणि दोरा इतका ओढला की तुटला. संध्याकाळी मी आत्यांशी बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. भाकरी वाढताना मी तवा असा आपटला की समाधान म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "तुझं गॅरेज झालं."

साइटवर राखी नावाची एक पोरगी घमेली वाहायची. देवरामच्या मुलाची, वाल्मीकची बायको. माझ्याहून लहान, आणि तिला पाचवा महिना चालू असल्याचं आंधळ्यालाही दिसत होतं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वाळूचं घमेलं, एक हात घमेल्याला आणि दुसरा कमरेला. ताडपत्रीच्या फटीतून मी तिला रोज बघायची. मला पाण्याची कळशी उचलायची भीती, आणि ही फळीवरून वर चढत होती. तिच्याकडे बघून आधी मला धीर यायचा. म्हणजे बघा, काही होत नाही, असं मी मनाला सांगायची.

एकदा दुपारी ती पाणी प्यायला भगदाडापाशी आली. आत्या बाजाराला गेल्या होत्या. मी तांब्या दिला. पाणी पिऊन ती तिथेच विटांवर बसली आणि मला म्हणाली, "वैनी, तुमी कशाला उभ्या ऱ्हाता? बसा ना. तुमाला जपाया पायजे."

मी तांब्या परत घेतला. "मला कशाला जपायला पाहिजे?"

ती हसली. "म्हाईत हाय मला. तुमच्या सासूबाईनीच सांगितलं मामाला." मामा म्हणजे तिचा सासरा, देवराम. "तुमी चहा वतून देता ना कढीपत्त्याला? त्या म्हणल्या, झाडाखाली मुंग्या लागल्या तवाच मी वळखलं."

एवढं मी लपवलं, आणि मुंग्यांनी सांगितलं. मला हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, "मग काम कसं चालू ठेवलं त्यांनी? त्यांचा तर नियम आहे."

"ते आता तुमचं काम नाय ना," राखी म्हणाली. "हे गॅरेज आमचं हाय. तुमच्या सासूबाईनी मामाला देऊन टाकलं. नारळ दिला, सुपारी दिली, हातावर पाणी सोडलं. म्हणल्या, आजपास्नं ही जागा तुझी, काम तुझं, आमचा संबंध नाय. बाळ झालं की मग परत घेऊ." तिला त्याची भारी मजा वाटत होती. "वाल्मीक तर म्हणतो, टेम्पो पण देत्यात का इचार."

म्हणून पूजेच्या दिवशी मला लताबाईंकडे पाठवलं होतं! म्हणून "इकडं येऊ नको"! माझ्या रागाची मलाच लाज वाटली. आत्यांनी तो नियम मोडला नव्हता, त्याला वळसा घातला होता. घाव पडत होते ते आमच्या घरावर नव्हे, देवरामच्या.

खरं सांगते, त्या दुपारी मला आनंद झाला. किती दिवसांनी मी पोटभर जेवले. पलीकडे घण वाजत होता आणि माझा हात पोटाकडे गेला नाही. विश्वास नसलेल्या बाईला एका नारळाने एवढा धीर यावा! मग ताट धुता धुता एकदम मनात आलं आणि मी तशीच उठून फटीशी गेले. राखी फळीवरून वर जात होती. काम देवरामचं, तर घर कोणाचं? देवरामचं. मग देवरामच्या घरात पोटुशी कोण?

संध्याकाळी मी राखीला गाठलं. "तुमच्यात पाळत नाहीत का हे?"

"आमच्यात?" ती हातपाय धूत होती. "रोज कोनाचं ना कोनाचं घर बांधायचं, त्यात काय पाळायचं वैनी? पाळलं तर खायाचं काय? माझी सासू तर पायाच्या खड्ड्याशीच बाळंत झाली होती म्हणत्यात."

तिला काहीच वाटत नव्हतं आणि मला झोप येईना. आता हातोडा पडला की माझा हात पोटाकडे जायचा नाही, डोळे फटीकडे जायचे. राखी कुठे आहे? खाली की वर? बसली का? का बसली? आधी एका पोटाची काळजी होती, आता दोन पोटांची झाली. आणि त्याहून वाईट एक गोष्ट होती. माझं सगळं ठीक चाललं होतं. मळमळ कमी झाली, ओझरच्या डॉक्टरांनी सगळं चांगलं आहे म्हणून सांगितलं. पूर्वी हे ऐकून मी नाचले असते. आता वाटायचं, माझं ठीक आहे, म्हणजे तिचं?

स्लॅबच्या आधी सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबचा साचा बांधायचं काम, चालू होतं. खाली बल्ल्या, वर लोखंडी प्लेटा. राखी प्लेटा उचलून देत होती. एकदा तिचा पाय फळीवरून सरकला. पडली नाही, बल्लीला धरून खाली बसली. पण बसली ती बराच वेळ उठली नाही, आणि तिचा तळहात पोटावर होता. देवराम ओरडला, वाल्मीक धावला. मी ताडपत्री सारून बाहेर जाणार तोच आत्यांनी माझा दंड धरला. त्यांची नजर राखीवर होती. म्हणजे त्यांनीही बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी राखी कामावर आली नाही. "पोटात दुखतंय म्हणे," देवराम म्हणाला आणि तारा बांधत राहिला. कोथिंबीर आणते असं सांगून मी निघाले. कॅनॉलच्या कडेला एक अर्धवट बांधलेली इमारत होती, तिच्या तळमजल्यावर ही मंडळी राहायची. राखी गोधडीवर कुशीवर झोपली होती. मला बघून उठून बसली आणि आधी केस सारखे केले.

"थांबलं आता," ती म्हणाली. "कालपास्नं बारीक दुखत होतं. आता नाय."

"डाग?"

तिने गोधडीची कड मुडपली. मग म्हणाली, "थोडा. काल. आज नाय."

मी तिच्याजवळ बसले. हे मला ओळखीचं होतं. असंच थोडं थोडं सुरू होतं, मग थांबतं, मग एके दिवशी थांबत नाही. मी म्हटलं, "उद्या येऊ नकोस. डॉक्टरकडे जाऊ आपण."

"उद्या स्लॅब हाय वैनी. स्लॅबच्या दिवशी घरी कोन ऱ्हातं? झोपून ऱ्हायले तर लोक काय म्हणतील?" आणि वर माझीच समजूत काढली, "तुमी नका येवढं मनाला लावून घेऊ. तुमाला चांगलं नाय ते."

परतताना मी कोथिंबीर विसरले. आत्या ओट्याशी बसून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची वांगी निवडत होत्या. स्लॅबच्या दिवशी सगळ्या माणसांचं जेवण घरमालकाकडून असतं. मी समोर बसले आणि सरळ म्हटलं, "आत्या, मला सगळं कळलंय. देवरामला दिलेलं परत घ्या."

त्यांचा हात थांबला. "कोण बोललं तुला? ती राखी?"

"तिला डाग गेलाय."

आत्यांनी एक वांगं उचललं, फिरवून बघितलं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाल्या, "त्यांच्यात पाळत नाय. पाळत नाय त्याला लागत नाय."

"मग आपणही पाळायचं सोडून देऊ. म्हणजे आपल्यालाही लागणार नाही."

"देतीस सोडून?" आत्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. "दे. आत्ता म्हण, की काय बी झालं तरी मी बोअरचं नाव काढणार नाय, खिळ्याचं नाव काढणार नाय. म्हण ना."

मला म्हणता आलं नाही.

"मला ती पोरगी दिसत नाय असं वाटतं का तुला?" आत्यांचा आवाज चिरकला. "आंधळी नाय मी. देवरामच्या हातावर पाणी सोडलं तवाच दिसत होती. पण दोनदा तुला मी या हातांनी न्हाऊ घातलंय, सुवर्णा. तू भिंतीकडं तोंड करून पडली होतीस, जेवत नव्हतीस. तिसऱ्यांदा माझ्याच्यानं नाय व्हायचं. लोकाचं काय व्हायचं ते होवो. म्हण मला वाईट."

मी त्यांना वाईट म्हटलं नाही. त्या माझ्यासाठीच वाईट झाल्या होत्या. मी जवळचं वांगं उचललं आणि निवडायला लागले. समाधान आत आला, आम्हा दोघींना मुकाट्याने वांगी निवडताना बघून खूश झाला आणि म्हणाला, "उद्या जिलबी पण आणू का?"

स्लॅबच्या दिवशी सकाळीच मिक्सर आला. देवरामची नेहमीची माणसं आणि वर आणखी कुठून कुठून आलेली, गल्ली नुसती भरून गेली. खडी, वाळू, सिमेंटच्या गोण्या, पाण्याची टाकी. खालून वरपर्यंत माणसांची रांग लागते आणि घमेली हातोहात चढतात. एकदा सुरू झालं की मध्ये थांबायचं नाही. थांबलं तर जोड राहतो आणि तिथून जन्मभर पाणी गळतं. मी ताडपत्रीच्या आत उभी होते. राखी आली होती. फिकी पडली होती, पण डोक्यावर चुंबळ ठेवून रांगेत उभी होती, वर चढणाऱ्या फळीच्या अगदी पायथ्याशी.

मिक्सरला हार घातला, कुंकू लावलं. देवराम आंघोळ करून, टोपी घालून आला होता. आत्यांनी नारळ त्याच्या हातात दिला. समाधानला काहीच माहीत नव्हतं. तो आपला कापराची डबी धरून कौतुकाने बघत होता. नारळ फुटला की काम सुरू होणार होतं, आणि ते काम देवरामच्या घरचं होतं, राखीच्या घरचं.

मी ताडपत्री बाजूला केली आणि बाहेर आले. डोक्यात एकच होतं, आत्ता नाही बोलले तर दिवसभर मी आत बसून फटीतून बघत राहीन आणि संध्याकाळी काय ऐकायला मिळेल देव जाणे.

"देवरामभाऊ, थांबा," मी म्हटलं. "नारळ इकडे द्या. हे काम आमचं आहे. आमच्या घरचं आहे."

सगळी माणसं बघायला लागली. देवरामने आत्यांकडे बघितलं. "वैनी, ते अक्कानी मला…"

"दिलं होतं. मी परत घेतलं. मला तिसरा महिना संपत आलाय, हे सगळ्यांना सांगते. काम चालू आहे आणि ते आमचं आहे. जे व्हायचं ते आमच्या घरी होईल."

समाधानच्या हातातली डबी खाली पडली. आपल्याला बाप व्हायचंय, हे त्या माणसाला खडीच्या ढिगाशेजारी, अख्ख्या गल्लीसमोर कळलं. "कधी?" एवढंच तो म्हणाला. त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

देवरामने नारळ दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. मला वाटलं तो रागावेल. पण त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "म्हातारं माणूस हात जोडून रडत होतं," तो हळूच म्हणाला. "नाय कसं म्हणायचं?"

नारळ जड होता. मी दगडाशी वाकले. हात वर केला आणि तो हात खाली येईना. आता आपटला की संपलं, असं वाटत होतं. काय संपलं, ते विचारायची हिंमत नव्हती. डोळ्यांसमोर बोअरची गाडी आली, थरथरणारी भांडी आली.

तेवढ्यात मागून आत्या आल्या. त्यांनी नारळ माझ्या हातातून हिसकावून घेतला. मला वाटलं, आता पुन्हा देवरामला देतील. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या भयंकर चिडल्या होत्या.

"पोटुशी बाईनं नारळ फोडू नाय," त्या मला म्हणाल्या. "येवढं तरी ऐक माझं."

सासरे गेल्यापासून आत्या कुठल्याही पूजेला पुढे येत नाहीत, भिंतीला टेकून मागे उभ्या राहतात. त्या आज सगळ्यांच्या पुढे आल्या, दगडासमोर बसल्या आणि नारळ दोन्ही हातांनी वर उचलला. "माझ्या घरचं काम हाय," त्या मोठ्याने म्हणाल्या, गल्लीला ऐकू जाईल असं. "माझ्या घरचं. माझ्या सुनंला दिवस हायेत." आणि आपटला. एका घावात दोन तुकडे झाले. पाणी त्यांच्या लुगड्यावर उडालं.

उठल्या आणि त्याच तावात राखीकडे वळल्या. "ए पोरी, ती चुंबळ ठेव खाली. आत ये. येवढ्या माणसांच्या भाकरी काय मी एकटी थापू? देवराम, हिची हजेरी लाव, बघतो काय!" राखी सासऱ्याकडे बघत राहिली. त्याने मान हलवली तेव्हा कुठे तिने चुंबळ काढली.

मिक्सर सुरू झाला. सगळं घर हादरलं, बोअरच्या वेळी हादरलं होतं तसंच. आम्ही तिघी स्वयंपाकघरात भाकरी थापत बसलो. भगदाडापलीकडे फळीवर चढणारे पाय, घमेल्यांचा आवाज, "आण, आण" अशी आरोळी. मधूनच आत्या राखीकडे बघायच्या, मग माझ्याकडे, आणि पीठ मळायला लागायच्या. दुपारी मी न्हाणीत जाऊन आले तेव्हा दोघींनीही मान वर करून बघितलं. काही नाही, अशी मी मान हलवली. पुढची भाकरी तव्यावर पडली.

स्लॅब टाकून आता दोन महिने होत आले. दोन्ही टेम्पो आत उभे असतात. देवरामची माणसं आडगावकडे दुसऱ्या कामावर गेली. जाण्याआधी मी राखीला ओझरच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. त्यांनी जपायला सांगितलं. ती हो म्हणाली, आणि ती किती जपणार हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तिला आठवा लागलाय. समाधान तिकडून येता-जाता निरोप आणतो, की दिसली, चालत होती. मला पाचवा चालू आहे. आत्या रोज सकाळी मी न्हाणीतून बाहेर येईपर्यंत दाराशी काहीतरी निवडत बसतात, आणि मी बाहेर आले की काही न विचारता उठून जातात. भीती गेलेली नाही. राखीची की माझी, कोणाची खबर कधी येईल आणि काय येईल, या विचाराने मला अजूनही मध्येच घाम फुटतो. पण तो आमचा घाम आहे. आमच्या गॅरेजची भीती आता आमच्याच घरात राहते.